अडलेल्या डाउनलोडचे कारण : प्रॉक्सी

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. तिची प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांबीची असेल. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर प्रथमच टिपली. त्या क्षणाच्या नोंदी आज सर्वांसाठी खुल्या आहेत आणि आपला विद्यार्थीही त्या संगणकावर उतरवून अभ्यासू शकतो.

परंतु महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसून ‘कर्ल’ किंवा ‘डब्ल्यूगेट’ ही आज्ञा दिली की पुष्कळदा फाइल येत नाही, केवळ त्रुटीचा संदेश येतो. त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये मात्र तेच संकेतस्थळ सहज उघडते. घराण्यात प्रथमच संगणकासमोर बसलेला विद्यार्थी अशा वेळी ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष चुकीचा असतो, आणि म्हणूनच या विषयाचा विचार येथे करावासा वाटतो.

प्रथम प्रॉक्सी म्हणजे काय ते पाहू. वसतिगृहातील मुलाने घरी लिहिलेले पत्र कार्यालयात द्यावे, कार्यालयाने ते टपालात टाकावे आणि आलेले उत्तर नोंद करून मुलाच्या हाती द्यावे, अशी व्यवस्था कल्पावी. संस्थेच्या जाळ्यात प्रॉक्सी हेच काम करते. बाहेर जाणारी प्रत्येक मागणी तिच्यामार्फत जाते; थेट जाणारी मागणी फाटकावर अडते. ब्राउझर हा नियम संगणकाच्या मुख्य सेटिंगमधून वाचतो. ‘कर्ल’सारखी साधने ते सेटिंग सहसा पाहत नाहीत. नियम न कळलेल्या नव्या मुलाप्रमाणे ती सरळ फाटकाकडे जातात. दोष ना मुलाचा, ना फाटकाचा. नियम सांगायचा राहिला, एवढेच.

तथागतांनी दुःख, दुःखाचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग असा विचाराचा क्रम घालून दिला. संगणकाच्या अडचणीतही हाच क्रम उपयोगी पडतो. कारण शोधण्यापूर्वी उपाय करू नये.

पहिली पायरी, संदेश नीट वाचणे. ‘कर्ल’ प्रत्येक त्रुटीला क्रमांक देते. ५ म्हणजे प्रॉक्सीचे नावच सापडले नाही. बहुधा पत्ता चुकला आहे किंवा जुना आहे. ६ म्हणजे इच्छित संकेतस्थळाचे नाव सापडले नाही. ७ म्हणजे जोडणी झाली नाही आणि २८ म्हणजे वाट पाहून वेळ संपली. ब्राउझर चालत असताना ६, ७ किंवा २८ आल्यास प्रॉक्सी सांगायची राहिली असावी, अशी शंका घ्यावी. ४०७ हा आकडा दिसला तर प्रॉक्सी भेटली आहे, पण ती नाव व पासवर्ड मागत आहे. ६० म्हणजे प्रमाणपत्राची पडताळणी झाली नाही. अशा वेळी पडताळणी बंद करण्याचा सोपा मार्ग न धरता संस्थेचे प्रमाणपत्र मागून बसवावे.

दुसरी पायरी, सध्याची स्थिती पाहणे. लिनक्सवर ‘एन्व्ह’ आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘सेट’ ही आज्ञा दिली की संगणकाला सांगून ठेवलेली मूल्ये दिसतात. त्यांत ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ व ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’ ही दोन नावे आहेत का ते पाहावे.

तिसरी पायरी, योग्य मूल्य देणे. प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडून प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक घ्यावा. ‘स्क्विड’ या प्रचलित प्रॉक्सीचा पोर्ट मुळात ३१२८ असतो. वरील दोन्ही नावे रोमन लहान अक्षरांत लिहावीत, कारण ‘कर्ल’ पहिले नाव मोठ्या अक्षरांत लिहिल्यास मानत नाही. दुसऱ्या नावात ‘एचटीटीपीएस’ असले तरी त्याच्या मूल्याचा आरंभ बहुधा ‘एचटीटीपी’ असाच होतो. नाव हे संकेतस्थळाच्या प्रकाराचे असते, मूल्य हा प्रॉक्सीचा पत्ता असतो. पासवर्डमध्ये ‘ॲट’ हे चिन्ह असल्यास त्याऐवजी टक्केचिन्ह व ४० लिहावे, अन्यथा पत्ता भलत्याच ठिकाणी तुटतो. लिनक्सवर ‘सुडो’ लावून दिलेल्या आज्ञेपर्यंत ही मूल्ये सहसा पोहोचत नाहीत. ‘गिट’ व ‘ॲप्ट’ यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही प्रॉक्सी नोंदलेली असू शकते, तेथेही पाहावे.

चौथी पायरी, आलेली फाइल तपासणे. कधी कधी आज्ञा यशस्वी झालेली दिसते, पण फाइलमध्ये प्रॉक्सीने पाठवलेले नकाराचे पान असते. वर उल्लेखिलेल्या लहरीची ३२ सेकंदांची नोंद घ्या. सेकंदाला ४,०९६ मोजमापे म्हणजे एकूण १,३१,०७२ मोजमापे, आणि फाइल सुमारे १ मेगाबाइटची. हाती आलेली फाइल दोन-तीन किलोबाइटचीच असेल, तर ती उघडून वाचावी. नकाराचे कारण बहुधा तिच्यातच लिहिलेले असते.

याच्या उलट प्रसंगही घडतो. सुट्टीत विद्यार्थी लॅपटॉप घेऊन गावी येतो, मोबाइलचे इंटरनेट जोडतो, ब्राउझर चालतो आणि डाउनलोड मात्र अडते. कारण महाविद्यालयाच्या प्रॉक्सीचा पत्ता अजून लॅपटॉपमध्ये तसाच असतो आणि ती प्रॉक्सी गावात नसते. ‘अनसेट’ या आज्ञेने ती मूल्ये काढावीत. नवी खिडकी उघडताच ती परत दिसली, तर ती आरंभीच्या फाइलमध्ये लिहिलेली आहेत असे समजावे व तेथून पुसावीत.

पालकांना यातील प्रत्येक आज्ञा समजली पाहिजे असे नाही. मूल ‘जमत नाही’ म्हणाले, तर ‘संदेशात काय लिहिले आहे, ते वाचून दाखव’ एवढे त्याला म्हणावे. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, आपल्या महाविद्यालयात नव्याने आलेल्या आपल्या शाळेच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट वहीत लिहून द्यावा. विचारायला संकोच वाटतो म्हणून कित्येक मुले महिनोन्महिने गप्प बसतात. औंढ्याची वेधशाळा कार्यरत होईल तेव्हा तिच्या नोंदी वाचणाऱ्यांत आपली मुले असावीत, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी आज एक फाइल त्यांच्या हाती नीट उतरली पाहिजे.