नव्याने नको, नेमकी दुरुस्ती करा

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी चांदबिबी महालाचं डिजिटल चित्र केलं. सर म्हणाले, "इमारत सपाट वाटते, नजर कुठे ठरत नाही." सगळी मेहनत वाया गेली का? पुन्हा पहिल्यापासून सुरू करू?
– एक विद्यार्थिनी, पाथर्डी

उत्तर : मुळीच नको. सरांनी चित्र बाद केलेलं नाही, दोन दोष दाखवलेत आणि दोन्ही दुरुस्त होण्यासारखे आहेत.

मूळ फाइल जपून ठेवा, तिच्या कॉपीवर काम करा. आधी चित्र कृष्णधवल करून पाहा. ही वास्तू अष्टकोनी आहे, त्यामुळे तिच्या प्रत्येक बाजूवर उजेड वेगळा पडतो. तुमच्या चित्रात सगळ्या बाजू सारख्याच करड्या दिसल्या, तर सपाटपणाचं कारण तिथेच आहे. उजेडाची एकच दिशा ठरवा, सावलीतल्या बाजू गडद करा आणि कमानींच्या आतला भाग त्याहून गडद ठेवा.

नजर ठरावी म्हणून एखादीच कमान बारकाईने रंगवा. डोंगर आणि गवत मोघम राहू द्या. कॅनव्हास आडवा फ्लिप केलात की कललेल्या रेषाही लगेच कळतील.

दोन गोष्टी सांभाळा. ए-३ प्रिंटसाठी ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. लहान फाइल ताणून बारकावे वाढत नाहीत. शिवाय ही वास्तू मुळात सलाबतखानाची कबर आहे, तेव्हा चित्राखाली तसा उल्लेख करा.

सुधारलेलं चित्र जुन्याशेजारी ठेवून सरांना दाखवा. एखादी सूचना पटली नाही, तर कारण सांगून तसंच ठेवायलाही हरकत नाही.