बसलेला हात आणि मोजलेले काम

मांजरसुंब्याच्या चौफुलीवर बीड, चौसाळा, केज आणि पाटोदा अशा चारी बाजूंचे रस्ते येऊन मिळतात. येथे आमचे कापडाचे दुकान आहे आणि दुकानाच्या ओट्यावर एका टेलरमास्तरांची मशीन. मास्तरांचा मुलगा शाळेत असल्यापासून वडिलांजवळ बसून शिकला. पुढे त्याने आयटीआयच्या सुइंग टेक्नॉलॉजी या एक वर्षाच्या ट्रेडला प्रवेश घेतला. परीक्षा जवळ आली तेव्हा आम्हीच त्याला म्हणालो, "बेटा, लेखीचा अभ्यास कर. प्रॅक्टिकलची फिकीर तुला कशाला? तुझा हात बसलेला आहे."

निकाल लागला. लेखीत पास, प्रॅक्टिकलमध्ये नापास! मास्तरांनी दोन दिवस मशीनवरची खोळ काढली नाही. चूक मुलाची कमी, आमच्या सल्ल्याची जास्त होती. इतर कारागीर बांधवांकडून ती होऊ नये म्हणून हा लेख.

ही अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते. पास होणाऱ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. इतर विषयांत 33 टक्के गुण पुरतात, पण प्रात्यक्षिकात आणि वर्षभराच्या मूल्यमापनात 60 टक्के लागतात. म्हणजे सर्वांत कडक चाळणी हाताच्या कामालाच आहे. शिवाय नुसता तयार कपडा पाहिला जात नाही. सुरक्षितता, कापडाची नासाडी, बारकाव्याकडे लक्ष, कामाची सफाई आणि दुसऱ्याची मदत किती लागली, हे सारे पाहतात.

आमचा मुलगा कोठे अडला? तो अंदाजाने कापणारा. कागदावर ड्राफ्टिंग करण्याची त्याला सवय नव्हती, त्यात वेळ गेला. घाईत बाही उलटी लागली, ती उसवावी लागली. तोंडी परीक्षेत 'बायस' म्हणजे काय असे विचारले, तर तो गप्प. उरेप पट्टी त्याने शेकडो वेळा लावली असेल. तिलाच बायस म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हते!

पुढच्या परीक्षेसाठी आम्ही तिघे बसलो आणि तयारीचे पाच नियम ठरविले.

पहिला, अंदाज बंद. प्रत्येक कपड्याचा आधी कागदी पॅटर्न काढायचा. त्यावर उभ्या धाग्याची खूण, शिलाईची माया आणि मुंढ्याची गोलाई दाखवायची. आपले मास्तर इंचात मोजतात, परीक्षेत सेंटिमीटरही येऊ शकतात. 1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, हे तोंडपाठ हवे.

दुसरा, घड्याळ समोर. ड्राफ्टिंग, कटिंग, शिलाई, काज-बटण आणि इस्त्री यांना वेळ वाटून द्यायचा. शेवटचा अर्धा तास तपासणीसाठी राखायचा. आम्ही थानाचे उरलेले तुकडे त्याला सरावासाठी दिले.

तिसरा, मशीनची ओळख. पातळ कापडाला 11 नंबरची सुई, मध्यम शर्टिंगला 14 आणि जाड जीन्सला 16. बॉबिनचा दोरा कापडाच्या वर दिसू लागला, तर वरच्या दोऱ्याचा ताण जास्त आहे. तो सैल करावा. काम सुरू करण्यापूर्वी चिंधीवर टाका तपासावा.

चौथा, बोलण्याचा सराव. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. ओळखीची वस्तू परक्या नावाने समोर आली की कशी बोबडी वळते, हे आम्ही जाणतो. म्हणून एका वहीत जोड्या लिहिल्या: बखिया म्हणजे बॅक स्टिच, तुरपाई म्हणजे हेमिंग, काज म्हणजे बटनहोल. रोज संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाले की आम्ही विचारायचो आणि तो सांगायचा. 'हे असे का केले?' याचे उत्तर देता आले पाहिजे.

पाचवा, नोंदवही. वर्षभराच्या मूल्यमापनात केलेली कामे, रोजची डायरी, हजेरी आणि वक्तशीरपणा धरतात. दुकानात काम आहे म्हणून आयटीआय बुडविणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

मुलाची पहिली पंधरा दिवस चिडचिड झाली. "अब्बांनी कधी कागद काढला नाही," असे तो म्हणे. मास्तर मान खाली घालून म्हणाले, "म्हणूनच मला कोणी कागद दिला नाही." त्यानंतर त्याने तक्रार केली नाही. दुसऱ्या खेपेला तो पास झाला.

ज्यांना वर्षभर आयटीआयला जाणे जमत नाही, अशा अनुभवी कारागिरांनाही अटी पूर्ण होत असतील तर खासगी उमेदवार म्हणून बसता येते. अनुभवाचा पुरावा काय लागतो, अर्जाची मुदत कधी, हे जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये स्वतः जाऊन विचारावे. ऐकीव माहितीवर राहू नये.

आणि आम्हा वडीलधाऱ्यांना एक विनंती. "तुझा हात बसलेला आहे" असे म्हणून मुलाला सोडू नका. टेप, कागद आणि घड्याळ त्याच्यासमोर ठेवा आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.