कुठेच बोट ठेवता न येणारा सिनेमा : ‘श्वास’च्या निमित्ताने एक पाठ



मराठीच्या तासाला आपण कवितेचं रसग्रहण शिकवतो. मुलं मात्र कवितेपेक्षा कितीतरी जास्त सिनेमे पाहतात, आणि त्यांचं रसग्रहण करायला कुणी शिकवत नाही. ‘पिक्चर कसो होतो?’ असं आपल्या कुडाळातल्या मुलांना विचारा. ‘मस्त हा!’ किंवा ‘एक नंबर!’ एवढंच उत्तर येतं. का मस्त, हे विचारलं की गाडी तिथेच थांबते. खरं सांगायचं तर मोठ्या माणसांचीही तीच गत असते.

म्हणून आजच्या पाठासाठी एक प्रश्न घेऊ. ज्या सिनेमात सगळ्याच बाजू जमून आलेल्या वाटतात, त्यात नेमकं काय जमलेलं असतं? उदाहरणासाठी सिनेमा घेऊ ‘श्वास’. याचं बरंचसं चित्रण आपल्या सिंधुदुर्गात आणि पुण्यात झालं आहे, त्यामुळे मुलांना तो जवळचा वाटेल.

चित्रपटाची ओळख

‘श्वास’ २००४ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक संदीप सावंत, मूळ कथा माधवी घारपुरे यांची. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. या पुरस्काराची सुरुवात झाली तेव्हा पहिलं सुवर्णपदक मिळालं होतं १९५३ च्या ‘श्यामची आई’ला. त्यानंतर मराठी सिनेमाला हा मान पुन्हा मिळायला पन्नास वर्षं लागली. पुढे भारतातर्फे ऑस्करसाठी ‘श्वास’चीच निवड झाली आणि त्या खर्चासाठी सामान्य प्रेक्षकांनीही वर्गणी दिली.

कथा चार ओळींत सांगता येते. कोकणातल्या एका खेड्यातला परशा नावाचा लहान मुलगा. त्याला नीट दिसेनासं होतं, म्हणून आजोबा त्याला शहरात डॉक्टरांकडे नेतात. निदान होतं डोळ्यांच्या कर्करोगाचं. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. आणि ऑपरेशनच्या आधी हे त्या मुलाला सांगायला हवं, असं डॉक्टर म्हणतात.

मोठा आजार म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या घरांना वेगळं सांगायला नको. इथून बांबोळीला जायचं, नाहीतर मुंबई-पुणे गाठायचं. कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे ते कळत नाही, डॉक्टर काय बोलले ते अर्धंच समजतं, बरोबरचा माणूस व्हरांड्यात बसून राहतो. सिनेमातले आजोबा अशा कितीतरी घरांतले आजोबा आहेत.

एकेक बाजू तपासून पाहू

‘सगळंच छान’ असं म्हणण्याऐवजी मुलांना पाच बाजू वेगवेगळ्या करून पाहायला सांगा.

१. कथा. या सिनेमात खलनायक नाही. डॉक्टर वाईट नाहीत, ते कामाखाली दबलेले आहेत. समाजसेविका मदत करते. आजोबांचं नातवावर जिवापाड प्रेम आहे. सगळी माणसं चांगली आहेत आणि तरीही गाठ सुटत नाही. मुलांना हे मुद्दाम दाखवावं, कारण भांडणासाठी एक वाईट माणूस लागतोच अशी त्यांची समजूत असते.

२. अभिनय. आजोबा झाले आहेत अरुण नलावडे, परशा झाला आहे अश्विन चितळे, डॉक्टर संदीप कुलकर्णी आणि समाजसेविका अमृता सुभाष. अश्विनला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलांना सांगा, आजोबांचे संवाद सोडा, ते गप्प असतात तेव्हा त्यांच्याकडे बघा. डॉक्टरांपुढे बसलेला, अवघडलेला, समोरच्याच्या तोंडाकडे बघत अर्थ लावणारा माणूस त्यांनी शरीरातून उभा केला आहे.

३. चित्रण. छायालेखन संजय मेमाणे यांचं. कोकण म्हटलं की माड आणि समुद्र दाखवून टाळ्या घेणं सोपं असतं. इथे कोकणची हिरवाई आहे, पण तिला काम आहे. हा मुलगा जे गमावणार आहे ते आपण पाहतो आहोत, हे माहीत असल्यामुळे प्रत्येक झाड, प्रत्येक पाणी वेगळं दिसतं. बघणाऱ्यालाच आपल्या डोळ्यांची जाणीव होते.

४. आवाज आणि संगीत. संगीत भास्कर चंदावरकरांचं. रडायची जागा आली की व्हायोलिन वाजवून आपल्याला सांगितलं जात नाही. इस्पितळाचा गलबला, शहरातली वाहनं, गावातली शांतता हे आवाजच बरंच काही बोलतात.

५. गती. इथे मुलं हमखास तक्रार करतात, ‘सर, पिक्चर स्लो आहे!’ ही तक्रार झटकू नका, फळ्यावर लिहा. मग विचारा, इस्पितळात वाट पाहणाऱ्या माणसाचा वेळ कसा जातो? तो भरभर सरकला असता तर ते खरं वाटलं असतं का? एखाद्याला तरीही सिनेमा संथ वाटला तर वाटू द्या. कारण सांगता आलं म्हणजे झालं.

पाचही बाजू तपासल्यावर एक गोष्ट लक्षात येते. सगळ्या बाजू एकाच प्रश्नाभोवती फिरतात : या मुलाला खरं कसं सांगायचं? कथा, चेहरे, रंग, आवाज, कुणीही त्या प्रश्नापासून पळत नाही आणि कुणी मध्येच स्वतःची हुशारी दाखवत नाही. आपल्याला सिनेमा ‘निर्दोष’ वाटतो तो यामुळे.

दोष दिसतात, तरीही

निर्दोष म्हणजे एकही चूक नसलेला, असा अर्थ घेतला तर मोठी अडचण होईल. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ पाहा. १९३६ साल, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आजच्या मुलांना त्यातले चमत्कार पाहून हसू येतं; शेवटी तुकाराम वैकुंठाला जातात ते विमान खोटं आहे हे दुसरीतलं पोरही सांगेल. पण विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीची जिजाई पाहताना कुणालाही खोटं वाटत नाही. घरात धान्य नाही आणि नवरा भजनात दंग, त्या बाईचा राग इतका खरा आहे की विमानाचं कापड-लाकूड आपण विसरून जातो. या सिनेमासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक गीत अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटलं होतं. कवीने किती जीव ओतला असेल!

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण हवं असेल तर दशावतार घ्या. देवळाचा सभामंडप, मागे एक पडदा, बसायला एक बाकडं, पेटी, पखवाज, झांज. पुरुषच स्त्रीची भूमिका करतो. संवाद लिहून दिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचतो. तांत्रिक दोष काढायला बसलं तर जत्रा संपेल, यादी संपणार नाही. तरी पहाटेपर्यंत माणसं उठत नाहीत. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ तर त्याही पुढे गेलं. गावातल्या मंडळींनी बसवलेल्या नाटकात सगळंच कसं चुकत जातं, हीच त्याची गंमत. चुका दाखवणारं ते नाटक मात्र इतकं नेमकं बसलं की मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले.

म्हणजे चूक दोन प्रकारची असते. एक हाताची चूक, म्हणजे साधनं तोकडी पडल्यामुळे झालेली. ती प्रेक्षक माफ करतो. दुसरी मनाची चूक, म्हणजे जे वाटत नाही ते वाटल्याचं दाखवणं. ती कितीही पैसा ओतला तरी झाकत नाही. मुलांना हा फरक कळला तर अर्धा पाठ झाला असं समजा. तो निबंधालाही लागू पडतो. शुद्धलेखनाच्या चार चुका असलेला मनापासून लिहिलेला निबंध आणि गाइडमधून उतरवलेला बिनचूक निबंध, यांत आपण शिक्षक कशाला जास्त गुण देतो, हे आपलं आपणच तपासून पाहावं.

मुलांना खरं सांगायचं का?

आता मुख्य गाभ्याकडे येऊ. ‘श्वास’ पाहून झाल्यावर बहुतेक पालक म्हणतात, ‘लहान पोराला एवढं कशाला सांगायचं?’ सिनेमातल्या आजोबांनाही तेच वाटतं. पण दृष्टी जाणार आहे ती परशाची. उद्या डोळ्यांवरची पट्टी निघेल आणि अंधारच असेल, तेव्हा त्याला वाटेल की आपल्याला सगळ्यांनी फसवलं. डॉक्टरांचा आग्रह यासाठी आहे. कळल्यावर मूल चिडतं, आक्रस्ताळेपणा करतं. सिनेमा तेही लपवत नाही.

आणि मग आजोबा एक गोष्ट करतात. कुणाला न सांगता नातवाला इस्पितळातून बाहेर नेतात आणि शहर दाखवतात, डोळे भरून बघून घे म्हणून. इस्पितळात धावपळ उडते, डॉक्टर संतापतात. नियमाने पाहिलं तर आजोबा चुकले. पण आजारी मुलाला काय हवं आहे हे त्या दिवशी त्यांनाच कळलं होतं. वर्गात चर्चेसाठी याहून चांगला प्रसंग मिळणार नाही. डॉक्टर बरोबर की आजोबा? एका बाजूचं उत्तर देऊन मुलांना गप्प करू नका. दोघांचीही बाजू लिहून घ्या.

आपण घरात मुलांपासून काय काय लपवतो? आजीचा आजार, बाबांची मुंबईतली सुटलेली नोकरी, कलमांवर काढलेलं कर्ज, कुणाचं तरी जाणं. मुलांना शब्द कळत नाहीत, पण घरातली कुजबुज कळते. खरं सांगण्याचीही एक रीत असते : वयाला पेलेल एवढं सांगावं, जवळ बसून सांगावं, आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नये. सिनेमातले आजोबा ही तिसरी गोष्ट करतात. मुलगा चिडला तरी ते त्याच्याजवळच राहतात.

पालकांसाठी एक महत्त्वाची माहिती इथेच देतो. परशाला झालेल्या आजाराला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. तो बहुतेक वेळा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. बाहुलीत पांढरट चमक दिसणं, विशेषतः फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत, किंवा अचानक आलेला तिरळेपणा ही त्याची लक्षणं असू शकतात. असं दिसलं तर घाबरू नका, पण थांबूही नका. लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. लवकर कळलं तर बहुतेक वेळा जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. अंगणवाडीताई आणि बालवाडीच्या बाईंपर्यंत ही माहिती जरूर पोहोचवा.

वर्गात कसं घ्यावं

पहिली तासिका : सिनेमा लावू नका. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी मुलांना सांगा. ठाकर समाजाच्या कलाकारांनी जपलेली ही कला. एकामागून एक चित्र दाखवत, गात कथा सांगायची. चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही तिथलाच. परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. शक्य असेल तर मुलांना पिंगुळीला नेऊन आणा. चित्रांचा क्रम बदलला तर गोष्ट बदलते का, हे पाच चित्रं काढून करून पाहायला लावा. संकलन म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता समजेल.

दुसरी आणि तिसरी तासिका : सिनेमा दोन भागांत दाखवा. सातवीच्या पुढच्या वर्गांसाठीच निवडा. ज्या मुलाच्या घरी मोठं आजारपण चालू आहे, त्याच्या पालकांशी आधी बोला. मध्येच थांबवून समजावून सांगायचा मोह टाळा.

चौथी तासिका : पाच बाजूंवर पाच गट करा. प्रत्येक गटाने एक आवडलेली जागा आणि एक न पटलेली जागा सांगायचीच. न पटलेली जागा सांगणाऱ्याला शाबासकी द्या. चांगल्या कलाकृतीचा दोष काढणं म्हणजे तिचा अपमान, असं मुलांना वाटता कामा नये.

स्वाध्याय

१. आजोबांची बोली नीट ऐका. आपल्या घरातले आजोबा असेच बोलतात का? फरक आढळला तर दोन उदाहरणं द्या.

२. आवाज बंद करून कोणताही एक प्रसंग पाहा. काय कळलं, काय निसटलं, ते पाच-सहा ओळींत लिहा.

३. डॉक्टर आणि आजोबा यांचा संवाद लिहा. दोघांपैकी कुणालाही हरवू नका.

४. तुम्हाला अगदी निर्दोष वाटलेला सिनेमा, नाटक किंवा दशावतारी खेळ निवडा. त्यातली एक ‘हाताची चूक’ शोधा आणि ती तुम्हाला का खटकली नाही, ते लिहा.

५. (पालकांनी मुलांसोबत करावा.) एक दिवस डोळे मिटण्यापूर्वी शेवटचं बघायचं असेल, तर आपल्या गावातल्या कोणत्या पाच गोष्टी बघाल? दोघांनी वेगवेगळ्या याद्या करा आणि मग एकमेकांना वाचून दाखवा.