लग्नाचा कॅमेरा घेताना

आमच्या ओळखीचा एक तरुण एके दिवशी आमच्याकडे आला. शेतीच्या जोडीला लग्नाचे शूटिंग करावे, असे त्याच्या मनात होते. दुभती म्हैस विकून पैसे द्यायला वडील तयार झाले होते. तो म्हणाला, "काका, मोठा कॅमेरा बघून ठेवलाय. उद्या म्हैस बाजारात नेतो."

आम्ही म्हटले, "थांब बाबा. म्हैस पुढच्या बाजारीही विकता येईल. आधी लग्न कसं लागतं ते आठव."

लग्नात एक घटका मोलाची असते. अंतरपाट धरलेला असतो. मंगलाष्टके संपतात. अक्षता पडतात, अंतरपाट दूर होतो आणि माळा गळ्यात पडतात. हे पुन्हा करून दाखवा, असे भटजींना सांगता येत नाही. म्हणून कॅमेरा मोठा की लहान, हे पाहू नये. त्या घटकेला तो दगा देईल का, हे पाहावे. त्यासाठी चार गोष्टी तपासाव्या.

पहिली गोष्ट उजेड. पुष्कळ लग्ने गोरज मुहूर्तावर लागतात. तेव्हा दिवस मावळलेला असतो. कॅमेऱ्याच्या भिंगावर, म्हणजे लेन्सवर, २.८ किंवा ५.६ असा आकडा असतो. आकडा लहान, तितके भोक मोठे. भोक मोठे, तितका उजेड जास्त. २.८ चे भिंग ५.६ च्या चौपट उजेड आत घेते. मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो फोटोच्या कामाचा. ४के व्हिडिओचे चित्रसुद्धा सुमारे ८ मेगापिक्सेलचेच असते. दुकानात दिव्यांचा झगमगाट असतो. तेथे सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात माणूस उभा करून चित्र घ्यावे आणि मग पाहावे.

दुसरी गोष्ट दम. आमच्या पुतणीच्या लग्नात कॅमेरा मध्येच बंद पडला. कोणाला कळलेही नाही. अक्षता पडल्या त्या चित्रात नाहीतच. फोटोचे काही कॅमेरे, विशेषतः जुने, २९ मिनिटे ५९ सेकंद झाली की आपोआप थांबतात. युरोपात ३० मिनिटे चालणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर वेगळी जकात पडे. ती चुकवायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. काही कॅमेरे उन्हात तापूनही बंद पडतात. तेव्हा दुकानात तासभर बसा. कॅमेरा सलग चालवून पाहा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

तिसरी गोष्ट आवाज. कॅमेऱ्याच्या अंगचा माईक जवळचा गलका आधी पकडतो. भटजी राहतात लांब. म्हणून बाहेरचा माईक जोडायची जागा हवी. आवाज येतो की नाही हे ऐकायला हेडफोनची जागाही हवी.

चौथी गोष्ट कार्ड. चित्र कार्डावर साठते. कार्ड बिघडले की लग्न गेले. म्हणून दोन कार्डे बसणारा आणि दोन्हींवर एकाच वेळी चित्र घेणारा कॅमेरा बरा. कार्ड केवढे घ्यावे? हिशेब करू. ४के चित्र सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने घेतले, तर तासाला ४५ जीबी जागा लागते. चार तासांना १८० जीबी.

आणि एक सांगतो. सारे पैसे कॅमेऱ्यात घालू नका. जादा बॅटऱ्या, माईक, स्टँड यांनाही पैसा लागतो. नाहीतर गाडी घेतली पण बैल नाहीत, अशी गत व्हायची.

त्या तरुणाने आमचे ऐकले. पहिली दोन लग्ने त्याने भाड्याच्या कॅमेऱ्यावर केली. काय हवे, काय नको, ते त्याचे त्यालाच उमगले. मग मिळालेल्या पैशांत घरचे थोडे घालून त्याने एक वापरलेला, पण दोन कार्डांचा कॅमेरा घेतला. घेण्याआधी तासभर चालवून पाहिला.

म्हैस अजून गोठ्यात आहे.

सांगा पाहू :
१. २.८ आणि ५.६ यांपैकी कोणते भिंग जास्त उजेड घेते?
२. दोन कार्डे कशासाठी हवीत?
३. तीन तासांच्या लग्नाला किती जीबी जागा लागेल?