पूर्वेच्या वाऱ्याचा तर्जुमा

मेलबर्न

चि. बाळ,

तुझे पत्र व सोबतचा मसुदा पावला. चिनी भाषेतून इंग्रजीत तर्जुमा करण्याच्या ‘नाटी’ या अनुवादकांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या परीक्षेस तू बसणार हे वाचून मनास फार समाधान झाले, कारण 1977 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचा दाखला नसेल तर येथील सरकारी दफ्तरांत अनुवादित कागदाला सहसा कोणी विचारीत नाही.

आता मसुद्याविषयी. ‘संधी नेहमी तयारी असलेल्या माणसासाठीच राखून ठेवलेली असते’ या वचनाचा तू शब्दास शब्द लावून इंग्रजी तर्जुमा केलास आणि खाली ‘प्राचीन चिनी म्हण’ अशी टीपही जोडलीस. ती टीप आधी खोड. 1854 साली दुए येथील व्याख्यानात लुई पाश्चरने म्हटले होते की निरीक्षणाच्या क्षेत्रात योगायोग केवळ सिद्ध असलेल्या बुद्धीवरच कृपा करतो. चिनी तरुणांच्या तोंडी असलेले हे वचन त्याच उद्गाराच्या कुळातले दिसते. इंग्रजीत तो उद्गार ‘चान्स फेव्हर्स द प्रिपेअर्ड माइंड’ या रूपाने केव्हाच रूढ झाला आहे. तथापि पाश्चर प्रयोगशाळेतील योगायोगाविषयी बोलत होता आणि तुझ्या उताऱ्यातील बाप मुलाला नोकरीच्या मुलाखतीविषयी सांगतो आहे. तेथे शास्त्रज्ञाचे सूत्र अवजड वाटेल. असा बाप इंग्रजीत सरळ म्हणेल, ‘बी रेडी व्हेन युअर चान्स कम्स.’

‘रिझर्व्ह्ड’ या शब्दाला माझी विशेष हरकत आहे. त्याने कोणी आगगाडीतील जागा अडवून ठेवावी तशी संधी वाट पाहत बसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तसे नसते. 1855 साली व्हिक्टोरियाच्या सरकारने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला, तेव्हा हजारो लोक दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून, खांद्यावर कावडी घेऊन, सोन्याच्या खाणींकडे शेकडो मैल पायी निघाले. आणि 1857 मध्ये अशाच एका तांड्याला, वाटेत पाण्याजवळ थांबला असता, आजच्या अॅरारॅट गावाच्या जागी सोने सापडले. त्यांच्यासाठी कोणी काही राखून ठेवले नव्हते, उलट कायद्याने दारच अडवले होते!

‘सर्व सिद्ध आहे, फक्त पूर्वेच्या वाऱ्याची उणीव’ ही दुसरी म्हण मात्र अस्सल चिनी आहे. 208 सालच्या लालकड्याच्या युद्धावरून रचलेल्या कथेत शत्रूचे आरमार जाळण्याची सारी सिद्धता झालेली असते, पण भर हिवाळ्यात वारा उलटा. आणि त्या चिंतेने अंथरूण धरलेल्या सेनापतीला मुत्सद्दी झुगे लियांग औषधाच्या चिठ्ठीवर नेमके हेच निदान लिहून देतो. कादंबरीत हा वारा अवश्य ठेव. व्यापारी पत्रात मात्र ठेवू नकोस; उन्हाळ्यात वाळवंटाची धग पूर्वेच्या वाऱ्यावरच सोसणाऱ्या पर्थच्या गृहस्थाला तो वाचून काहीच उमगणार नाही. तेथे कोणती गोष्ट अडली आहे, परवाना की पैसा, हे उताऱ्यावरून ओळखून तेवढेच लिही.

मराठीशी जुळणाऱ्या म्हणींपासून तर अधिकच सावध राहा. तहान लागल्यावर विहीर खणणे ही आपली म्हण चिनीतही जशीच्या तशी आहे, म्हणून तू ती आनंदाने इंग्रजीत उतरवलीस, पण इंग्रजी वाचकाला ती परकीच वाटेल. घोडा पळाल्यावर तबेल्याचे दार लावण्याची इंग्रजांची म्हणही येथे चालणार नाही, कारण तीत नुकसान होऊन गेलेले असते. विहीर खणणाऱ्याला पाणी लागण्याची आशा अद्याप असते. अशा वेळी म्हणीचा हव्यास सोडून ‘लीव्हिंग इट टू लेट’ एवढेच लिहिणे प्रशस्त. परीक्षकही त्याला दोष देणार नाही, असे मला वाटते.

टीप खोडून, तिन्ही ठिकाणे नव्याने लिहून मसुदा पुढच्या टपालाने पाठव. आणि पाठवण्यापूर्वी चिनी न जाणणाऱ्या एखाद्या इंग्रज शेजाऱ्याकडून तो मोठ्याने वाचून घे.

तुझा
मामा