पगार ठरविताना

मढच्या कोळीवाड्यात भाव कसा करावा हे कोणाला शिकवावे लागत नाही. बाजारात बसलेली कोळीण बोंबलांचा वाटा मांडते. गिऱ्हाईक भाव पाडून मागते. ती रागावत नाही आणि लाजतही नाही. आज माल किती आला, बर्फाला किती पैसे पडले, शेजारणीचा वाटा कितीला गेला, हे तिला ठाऊक असते. म्हणून ती सरळ सांगते, "एवढ्याला देते. त्याखाली परवडत नाही."

होडीवर जाणाऱ्या खलाशाचेही तसेच. हंगामाचे पैसे किती, उचल किती, जेवण कोणाचे, हे सारे होडी सुटण्याआधी ठरते. भर समुद्रात कोणी पगार ठरवीत बसत नाही.

पण याच घरातली मुले मालाडला किंवा अंधेरीला नोकरीसाठी जातात तेव्हा काय होते? साहेब म्हणतात, "तुम्हाला घेतले." पगाराचा आकडा सांगतात. मूल मान डोलावून घरी येते. आई विचारते, "हातात किती येणार?" ते मुलाला सांगता येत नाही. अशी पुष्कळ मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना वाटते, आपण बोललो तर मिळालेली नोकरी जाईल. भीती वाटणे साहजिक आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. दहा जणांना भेटून साहेबांनी तुम्हाला निवडलेले असते. पुन्हा दुसरा माणूस शोधणे त्यांनाही नको असते. नम्रपणे विचारलेल्या एका प्रश्नाने सहसा नोकरी जात नाही. विचारण्याची योग्य वेळ हीच. निवड झाल्यावर आणि होकार देण्याआधी.

पहिल्या पगाराचे महत्त्व

पुढची पगारवाढ बहुधा पहिल्या पगारावर मोजतात. समजा, न बोलल्यामुळे महिना १,००० रुपये कमी ठरले. सालाला १२,००० रुपये गेले. दरवर्षी शेकडा ५ वाढ मिळत गेली, तर दहा वर्षांत हा तोटा सुमारे दीड लाखाचा होतो. दोन मिनिटांच्या संकोचाची ही किंमत आहे.

आकडा समजून घ्या

साहेब म्हणतात, "सालाला २ लाख ४० हजार." आपण बाराने भागतो आणि महिना २०,००० मिळणार असे धरतो. तसे नेहमी होत नाही. भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पी.एफ.मध्ये, सामान्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या शेकडा १२ इतका भाग कामगार भरतो आणि तेवढाच मालक भरतो. पुष्कळ ठिकाणी मालकाचा भागसुद्धा त्या सालाच्या आकड्यातच धरलेला असतो.

समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० आहे. त्याचे शेकडा १२ म्हणजे १,४४०. मालकाचे १,४४० आणि आपले १,४४० वजा केले, की २०,००० चे १७,१२० राहतात. पी.एफ.चा पैसा बुडत नाही. तो आपल्याच नावावर साठतो. पण त्यातून आज रेशन भरता येत नाही. याशिवाय राज्य विम्याची लहानशी वर्गणी कापली जाऊ शकते. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला व्यवसाय कर महिना २०० रुपये पडतो, फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना पगार २५,००० पर्यंत असला तर हा कर माफ आहे.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, "साहेब, सगळे कापून महिन्याला हातात किती येतील?"

आपला हिशेब करा

मढहून कामाला जायचे तर वेसाव्याची होडी धरावी लागते, नाही तर मालाडची बस. पावसाळ्यात दर्या खवळला म्हणजे होडी बंद. मग मालाडचा वळसा. होडी, बस, रिक्षा, लोकलचा पास, दुपारचे जेवण, हा सारा खर्च कागदावर मांडा. अंधेरीचे १८,००० आणि मढजवळचे १६,००० यांत जास्त कोणते, हे बेरीज-वजाबाकी केल्यावरच कळते.

मग तसलेच काम करणाऱ्या दोन-तीन जणांना विचारा, "या कामाला साधारण काय देतात?" त्यावरून दोन आकडे मनात ठरवा. एक, मागायचा. दुसरा, ज्याच्या खाली जायचे नाही तो. कायद्याने ठरविलेले किमान वेतन याच्याही खाली असते. त्याहून कमी पैशांवर आपण स्वतः सही केली, तरी तो करार कायद्यापुढे टिकत नाही. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त, हेही कायद्याला मंजूर नाही.

कसे बोलावे?

समजा, एका मुलीला हिशेबाच्या कामावर घेतले आहे. साहेबांनी २०,००० सांगितले. तिने असे बोलावे :

"साहेब, मला निवडलेत, मी आभारी आहे. हे काम मला करायचे आहे. पगाराबद्दल एक विनंती आहे. संगणकावर हिशेब ठेवण्याचे काम मी दोन वर्षे केले आहे. मला नव्याने शिकवावे लागणार नाही. आपण २२,००० करू शकाल का?"

एवढे बोलून थांबावे. साहेबांना विचार करू द्यावा. ते गप्प राहिले म्हणून घाबरून, "नाही जमले तरी चालेल हो," असे म्हणू नये.

घरची अडचण, बहिणीचे लग्न, डोक्यावरचे कर्ज, हे तेथे सांगू नये. पगार आपल्या गरजेवर ठरत नाही, कामावर ठरतो. खोटेही बोलू नये. नसलेली दुसरी नोकरी किंवा फुगवून सांगितलेला जुना पगार उघडा पडतो, आणि मग माणसाचा विश्वास जातो.

साहेब "नाही" म्हणाले, तर नोकरी संपली असे नाही. विचारावे, "मग सहा महिन्यांनी माझे काम पाहून वाढ द्याल का? जाण्यायेण्याचा भत्ता मिळेल का?" तेही जमत नसेल, तर एक दिवस मागून घ्यावा. घरी बसून हिशेब पाहावा आणि मग हो किंवा नाही कळवावे. सरकारी नोकरीत मात्र वेतनश्रेणी ठरलेली असते. तेथे घासाघीस चालत नाही.

ठरले ते कागदावर

तोंडी बोलणे साहेब बदलला की विसरले जाते. नेमणूकपत्रात पगार, भत्ते, कामाचे तास, सुट्ट्या आणि कबूल केलेली वाढ लिहून घ्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे नेमणूकपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा, आणि जादा कामाला दुप्पट दर द्यावा, असेही कायदा सांगतो.

हे कोणी आपण होऊन दिलेले नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्या, असे त्यांचे मागणे होते. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. त्यांतल्या पुष्कळांना लिहितावाचता येत नसेल. पण काय मागायचे ते त्यांनी नेमके ठरविले, आणि शांतपणे मागितले.

आपल्याला तर आता वाचता येते. म्हणून नेमणूकपत्र हाती आले की ते सावकाश वाचावे. न समजलेला शब्द विचारावा. मगच सही करावी.

प्रश्न

१. पगाराचे बोलणे केव्हा करावे?
२. सालाचा आकडा आणि हातात येणारा पगार यांत फरक का पडतो?
३. पगार मागताना कोणत्या गोष्टी सांगाव्या? कोणत्या सांगू नयेत?
४. तुमच्या घरातून कामाच्या जागी जाण्यायेण्यास महिन्याला किती खर्च येतो? वहीत हिशेब लिहा.
५. दोघे दोघे बसा. एकाने साहेब व्हावे, दुसऱ्याने पगाराचे बोलणे करून दाखवावे.