‘गरिबांचे बटाटे’ : एका स्पॅनिश डोंगरगावाची खाद्यपरंपरा

(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्या प्रदेशाचा इतिहास आपण राजे, लढाया आणि तह यांच्या सनावळ्यांतून शिकतो. परंतु सामान्य माणसांनी तो इतिहास कसा सोसला, हे पुष्कळदा त्यांच्या अन्नातून कळते. दक्षिण स्पेनमधील आल्पुखारा हा डोंगराळ मुलूख याचे उत्तम उदाहरण होय.

हा मुलूख ग्रानादा शहराच्या पलीकडे, सिएरा नेवाडा पर्वताच्या दक्षिण उतारावर पसरला आहे. त्यातील त्रेवेलेझ हे गाव सुमारे १,४७६ मीटर उंचीवर असून वरची, मधली व खालची अशा तीन वस्त्यांत वसले आहे. येथील जुन्या वळणाच्या खानावळीत शिरले की आढ्याला टांगलेल्या डुकराच्या मांड्या प्रथम नजरेस पडतात. पाझरणारी चरबी झेलण्यासाठी प्रत्येकीखाली लहानशी वाटी अडकवलेली असते. गिऱ्हाइकाने वाइनचा पेला मागवला की सोबत एक छोटी बशी येते. हाच ‘तापा’, अनेकवचन ‘तापास’. तापा म्हणजे झाकण. पेल्यात माश्या पडू नयेत म्हणून त्यावर पावाची किंवा मांसाची चकती ठेवीत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. स्पेनमध्ये अनेक ठिकाणी तापासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. ग्रानादा प्रांतात मात्र पेयाबरोबर तो फुकट देण्याची रीत टिकून आहे. दुसरा पेला घेतला की दुसरी बशी येते.

या बशीतील मानाचा पदार्थ म्हणजे ‘खामोन’. डुकराची मांडी मिठात मुरवून, मग धुऊन, डोंगरातील थंड व कोरड्या हवेत वर्षाहून अधिक काळ टांगून ठेवतात आणि तिचे पातळ काप काढतात. चवीइतकाच त्याचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. १४९२ साली ग्रानादाचे मुस्लिम राज्य बुडाले. धर्मस्वातंत्र्याचे वचन दिले गेले होते, पण दहाएक वर्षांतच तेथील मुसलमानांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. धर्मांतरितांना ‘मोरिस्को’ म्हणत. १५६७ च्या फर्मानाने त्यांची भाषा, पोशाख आणि स्नानगृहे यांवर बंदी आली. १५६८ च्या नाताळात आल्पुखाऱ्यात बंड उसळले, ते १५७१ पर्यंत मोडून काढण्यात आले. मोरिस्कोंना इतर प्रांतांत पांगवून त्यांच्या घरांत उत्तरेकडील लोक वसवले गेले. पुढे १६०९ ते १६१४ या काळात त्यांना स्पेनमधूनच हाकलण्यात आले. त्या काळी जो डुकराचे मांस टाळी, त्याच्या श्रद्धेविषयी संशय घेतला जाई. म्हणजे घरात टांगलेली मांडी ही बेगमी होती, तशीच ती साक्षही होती.

माणसे गेली, तरी त्यांचे काम मागे राहिले. वितळलेल्या बर्फाचे पाणी शेतांपर्यंत नेणारे त्यांचे पाट अजून वाहतात. पाटाला स्पॅनिशमध्ये ‘असेकिया’, तेलाला ‘असेइते’ आणि ऑलिव्हच्या फळाला ‘असेइतुना’ म्हणतात. तिन्ही शब्द मूळचे अरबी. आपला ‘जैतून’ हा शब्दही त्याच अरबी मुळाचा.

खामोनशेजारी असतात ‘पापास आ लो पोब्रे’, म्हणजे गरिबांच्या पद्धतीचे बटाटे. बटाट्याच्या चकत्या, कांदा आणि हिरवी ढोबळी मिरची ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर शिजवायची, एवढेच. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेली. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांबरोबर पोहोचली. ‘बटाटा’ हे नाव त्यांचेच. दुसरा पदार्थ ‘मिगास’ : शिळा पाव चुरून लसूण व तेलात परतायचा. आपल्या फोडणीच्या पोळीची आठवण यावी असा. पावसामुळे शेतकाम बंद पडले की मिगास करावेत, असा तेथील प्रघात आहे. मेंढपाळ ते एकाच कढईतून खात. प्रत्येकाने एक चमचा घ्यायचा आणि एक पाऊल मागे सरायचे, म्हणजे सर्वांना सारखे मिळते.

येथे दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. एकाच मुलखात अन्नावरून माणसे पारखली गेली, आणि एकाच कढईभोवती माणसे समान वाट्याने जेवलीही. आज पर्यटक हौसेने हे पदार्थ मागवतात. तरीही त्या बटाट्यांच्या नावातला ‘गरीब’ हा शब्द कोणी खोडला नाही. शिळे आणि साधे अन्न लपवण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना डबा उघडताना असते. त्यांनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे.